बाहेरगावच्या टीमसाठी सुरुवातीला एवढंच पुरे

वेगवेगळ्या गावांतून काम करणाऱ्या छोट्या टीमसाठी कुठली ॲपं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंत. अहो, एकदम आठ ॲपं घेऊ नका. तुम्ही नाशिकला गंगापूर रोडवर, डिझायनर जळगावला, हिशेब बघणाऱ्या ताई पुण्यात. एवढ्याशा टीमला तीनच गोष्टी लागतात: बोलायची जागा, कामांची यादी आणि फायलींचं एकच कपाट.

यादीपासून सुरुवात करा. ट्रेलो या कामांच्या यादीच्या ॲपचा बोर्ड घ्या किंवा साधी गूगल शीट, काहीही चालेल. प्रत्येक कामापुढे तारीख आणि एकाच माणसाचं नाव हवं. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. व्हॉट्सॲपवर खुशाल बोला, पण तिथे ठरलेलं काम त्याच दिवशी यादीत गेलंच पाहिजे. नाहीतर ते शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जातं.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- कामाच्या फायली कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलवर. तो सोडून गेला की फायलींची मालकी त्याच्याकडेच.
- सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड. प्रत्येकाचं खातं वेगळं काढा आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, उदा. फोनवरचा कोड) सुरू करा.
- फुकटच्या मर्यादा न वाचणं. झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांत बंद होते (हे एका अर्थी बरंच!). स्लॅक या टीमच्या चॅट ॲपच्या मोफत खात्यात ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत. गूगलच्या १५ जीबीत मेल आणि फोटोही धरलेले असतात.

ऑटोमेशन (कामं आपोआप करून घेणं), सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) वगैरे सध्या राहू द्या. स्क्रीनवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर तर माझ्या मते घेऊच नका. महिनाभर यादी चालवा, मग अडेल तिथे विचारा.