पार्किंगचं परमिट गाडीतच होतं, तरी गाडी टो केली. पैसे परत मिळतील का?

मिळू शकतात. मला मिळाले, पण सगळे नाही.

तुम्ही लिहिलंय की परमिटची मुदत संपलेली नव्हती, ते डॅशबोर्डवर होतं आणि तरी रात्रीत राहत्या इमारतीच्या आवारातून गाडी उचलली. माझंही असंच झालं होतं. सकाळी खाली आलो तर गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग. आधी वाटलं, चोरीलाच गेली. मग भिंतीवरच्या फलकावर टोइंगवाल्यांचा नंबर दिसला. रोज त्याच्यासमोरून जात होतो, वाचला पहिल्यांदाच.

टोइंगवाल्यांच्या यार्डात गाडी सापडली तेव्हा परमिट ड्रायव्हरच्या सीटखाली पालथं पडलेलं. आरशाला अडकवायचं कार्ड होतं ते, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन वरचा हुक मोडला होता. मी तावातावाने म्हणालो, "परमिट आहे की माझ्याकडे!" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "दिसत होतं का?"

सगळं भांडण त्या 'दिसत होतं का'वर येऊन थांबतं. नियमात बहुधा 'परमिट असावे' एवढंच नसतं, 'बाहेरून वाचता येईल असे लावलेले असावे' असं असतं. रात्री फिरणारा माणूस टॉर्च मारून काचेतून बघतो आणि पुढे जातो, तुमची नोंद शोधत बसत नाही. तेव्हा आधी स्वतःशी खरं बोला: परमिट उलटं पडलं होतं का? काचेच्या खालच्या काळ्या पट्टीआड सरकलं होतं का? नंबर उन्हाने पुसट झालाय का?

पण हे सगळं नंतर. आज गाडी सोडवून आणा. यार्डाचं भाडं दिवसावर चढतं आणि तत्त्वासाठी गाडी तिथे ठेवण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. पैसे भरताना पावतीवर 'आक्षेप राखून भरले' असं लिहा, म्हणजे उद्या कुणी 'भरलेत ना, मग चूक मान्यच' म्हणायला नको. लिहू देत नसतील तर त्याच दिवशी तसा ईमेल टाका.

गाडीत हात घालण्याआधी परमिट जिथे जसं आहे तिथला फोटो बाहेरून, काचेतून काढा. मी घाईघाईने उचललं आणि पुरावा माझ्याच हाताने घालवला. मग चारही बाजू आणि टायर बघा. हँडब्रेक ओढलेला असताना मागची चाकं फरफटत नेली असतील तर टायर एका जागी सपाट घासला जातो आणि गाडी चालवताना धडधड ऐकू येते. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल आणि दोनच चाकं उचलून नेली असतील, तर गिअरबॉक्सकडची यंत्रणा दुखावू शकते. अशी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची असते. काही दिसलं तर यार्ड सोडण्याआधी लिहून घ्या. फोटो मूळ फाइलमध्येच जपा. मेसेजिंग ॲपवरून फिरवलेल्या फोटोतली काढल्याची वेळ बऱ्याचदा निघून जाते.

टोइंगवाल्याशी वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. गाडी उचलायला कुणी सांगितलं ते विचारा आणि लेखी तक्रार त्यांच्याकडे करा. सोबत गाडी उचलण्याआधी टोइंगवाल्याने काढलेला फोटो मागा. माझ्या बाबतीत फोटोत फ्लॅशचा पांढरा गोळा सोडून काही नव्हतं. तरी त्याने माझं काम झालं नाही, कारण परमिट खरंच खाली पडलेलं होतं. काम केलं ते परमिटच्या करारनाम्याच्या मागच्या पानावरच्या एका ओळीने. पहिल्या वेळी काचेवर सूचना चिकटवून 24 तास द्यायचे, असं त्यातच लिहिलं होतं. काचेवर सूचना नव्हती, डिंकाचा डागसुद्धा नव्हता. तेवढ्यावर गाडी उचलण्याचे पैसे परत आले. यार्डाच्या 2 दिवसांच्या भाड्याचे आले नाहीत, ते 2 दिवस मी फोनवर भांडण्यात घालवले होते.

तुमच्या परमिटबरोबर आलेला अटींचा कागद काढा. त्यात 'दर्शनी भागात' असे शब्द आहेत का आणि आधी सूचना देण्याबद्दल काही आहे का, ते वाचून इथे लिहा. मग तक्रारीत कुठल्या मुद्द्यावर जोर द्यायचा ते सांगतो.