अमेरिकेत बंदूक घेणे कायदेशीर आहे, तर मग पेमेंट ॲप काडतुसांचे पैसे का अडवते?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला : आपण ह्यूस्टनजवळ राहता, ग्रीन कार्डधारक आहात, नेमबाजीच्या क्लबातील एका गृहस्थांकडून दोन मॅगझिन (बंदुकीत बसवायचे काडतुसांचे कप्पे) आणि काडतुसांची एक पेटी घेण्याचे ठरल्यावर आपण ॲपवरून १८० डॉलर पाठवले, टिपणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे 'नाइन एमएम ॲमो' असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी खाते गोठवले गेले. हीच काडतुसे दुकानात क्रेडिट कार्डावर बिनबोभाट मिळतात, मग आपण गुन्हा केला की कंपनी मनमानी करते आहे, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही; डॅलसच्या बाजूला छोट्या दुकानांचे हिशेब सांभाळतो, आणि त्यांत शिकारीच्या व मासेमारीच्या सामानाचे एक दुकान असल्यामुळे हा विषय मला नाइलाजाने शिकावा लागला.

आपण दिलेल्या हकिकतीवरून कायदा मोडल्याचे दिसत नाही. मोडला गेला आहे तो करार. खाते उघडताना आपण सर्वांनीच न वाचता ज्या अटी मान्य केल्या, त्यांत वापराचे नियम असतात. पेपालच्या नियमांत दारूगोळा, बंदुका आणि बंदुकांचे 'काही विशिष्ट' भाग व साहित्य यांचे व्यवहार निषिद्ध आहेत. पेपालच्याच मालकीच्या व्हेन्मो या ॲपलाही साधारण तोच नियम लागू होतो, आणि स्क्वेअर व स्ट्राइप या दुकानांना पैसे स्वीकारण्याची सोय देणाऱ्या कंपन्यांच्या निषिद्ध मालाच्या याद्यांतही बंदुका आहेतच. हा 'काही विशिष्ट' शब्द मोठा सोयीचा आहे, कारण कोणता भाग विशिष्ट हे कंपनीच ठरवते. खाते मर्यादित केल्यावर शिल्लक १८० दिवसांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकारही पेपालने त्याच कागदपत्रांत स्वतःकडे घेतलेला आहे.

दुकानात कार्ड चालते आणि ॲपवर चालत नाही, याचे कारण पैशाच्या वाटेत आहे. बंदुकीच्या दुकानाला बँकेकडून कार्ड स्वीकारण्याचे स्वतंत्र खाते घ्यायचे असेल, तर बँक त्याचा संघराज्य सरकारचा विक्री परवाना मागते, उलाढाल पाहते, शुल्क थोडे चढे लावते आणि मग सही करते. ॲपवाल्या कंपन्यांचा सगळा धंदाच याच्या उलट तत्त्वावर उभा आहे : लाखो लहान विक्रेत्यांना काही मिनिटांत आपल्या छत्राखाली घ्यायचे आणि पडताळणी बहुतांशी यंत्रावर सोपवायची. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात तर परवाना, पावती, दुकान यांपैकी काहीच नसते. असतो तो फक्त आपला टिपणाचा रकाना. विक्रेता कोण, घेणारा पात्र आहे का, माल राज्याबाहेर जातो आहे का, हे तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच नाही म्हणणे कंपनीला स्वस्त पडते. मला हा निर्णय आवडत नाही, पण त्यांच्या जागी हिशेब मांडला तर तो कळतो.

माझ्या त्या ग्राहकाने एका शनिवारी बंदुकांच्या प्रदर्शनात टेबल मांडले तेव्हा फोनला जोडायचे कार्डाचे यंत्र घेतले आणि नोंदणी करताना धंद्याचा प्रकार 'क्रीडासाहित्य' असा निवडला. त्यात खोटे काही नव्हते. दोन महिने सुरळीत गेले. मग कंपनीने नमुन्यादाखल पावत्या मागवल्या, आणि मीच त्या पाठवल्या : एका पावतीवर वरच्या ओळीत गळाला लावायची जिवंत गांडुळे, खालच्या ओळीत १२ गेजच्या काडतुसांचे दोन डबे. खाते त्याच आठवड्यात बंद झाले आणि अडकलेल्या रकमेत गांडुळांचे पैसेही गेले. ते सोडवण्यासाठी मी पाठवलेल्या पत्रांना दर वेळी तेच साचेबंद उत्तर येई. पैसे अखेर मिळाले, पण तोवर पुरवठादाराची देणी मालकाने घरच्या बचतीतून भागवली होती.

या धोरणांची मुळे बरीच जुनी आहेत. ईबेने १९९९ मध्येच आपल्या लिलावांतून बंदुका काढून टाकल्या होत्या. पेपाल त्यांनी २००२ मध्ये विकत घेतली. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याने एक पिस्तूल ऑनलाइन मागवले होते, असे उघड झाले. मात्र ते त्याच्या हाती पडले ते ब्लॅक्सबर्गच्या गहाणवटीच्या दुकानात, पूर्वेतिहासाची तपासणी झाल्यावर. रिकामी मॅगझिन त्याने ईबेवरून घेतली होती, आणि त्यांना अशी कोणतीच तपासणी लागू नव्हती. त्यानंतर ईबेने सुट्या भागांवरही निर्बंध आणले. आपल्या व्यवहारात मॅगझिनचा उल्लेख आला असता तरीही खाते अडकले असते, असे मला वाटते ते यामुळेच.

कार्ड कंपन्यांचा वाद वेगळा आहे आणि वर्तमानपत्रांत या दोहोंची नेहमी गल्लत होते. प्रत्येक दुकानाला धंद्याच्या प्रकारानुसार चार आकडी संकेतांक असतो. बंदुकीची दुकाने पूर्वी क्रीडासाहित्याच्या ५९४१ मध्ये किंवा किरकोळ दुकानांच्या ५९९९ मध्ये मोडत. सप्टेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्यांच्यासाठी ५७२३ हा स्वतंत्र अंक मंजूर केला. त्याने खरेदी अडत नाही आणि काय घेतले हेही कळत नाही. नऊशे डॉलरची शॉटगन आणि नऊशे डॉलरची तिजोरी त्या नोंदीत एकसारखीच दिसते. तरीही कॅलिफोर्नियाने हा अंक सक्तीचा केला, तर आपल्या टेक्सासने २०२३ मध्ये कायदा करून त्याचा वापर रोखला. हा कायदा ॲपच्या नियमांना हात लावत नाही, त्यामुळे त्याचा हवाला देऊन तक्रार केल्यास उपयोग होणार नाही.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण हे उत्तर एच-१बी वा विद्यार्थी व्हिसावरचे वाचकही वाचतील. ग्रीन कार्डधारकाला हरकत नाही, पण अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे संघराज्याच्या कायद्यानेच निषिद्ध आहे. वैध शिकार परवाना वगैरे मोजकेच अपवाद आहेत. तिथे ॲपने पैसे अडवले तर तो निव्वळ कराराचा प्रश्न उरत नाही, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नये.

आता आपण काय करावे? कंपनीने विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत, व्यवहार एकदाच झाला आणि पुन्हा होणार नाही असे कळवावे, आणि त्या गृहस्थांना रक्कम परत पाठवता आली तर पाठवायला सांगावे. टिपणात पुढच्या वेळी 'जेवणाचे पैसे' असे लिहिण्याचा सल्ला आपल्याला क्लबात नक्की मिळेल. तो ऐकू नये, कारण नियम मोडणे आणि खोटे सांगून मोडणे यांत कंपनी फरक करते. पत्नीच्या नावाने दुसरे खातेही उघडू नये. काडतुसे दुकानातून कार्डावर घ्यावीत, आणि त्याच राज्यातील ओळखीच्या माणसाशी व्यवहार असेल तर समोरासमोर रोख द्यावेत. लांबच्या विक्रेत्यांपैकी अनेक जण अजून पोस्टाची मनी ऑर्डर मागतात. ती इथल्या टपाल कार्यालयात खिडकीवर मिळते, फक्त तिची पावती माल हाती येईपर्यंत जपून ठेवावी.