वाचक विचारतात : ‘आधी बीज एकले’ गाथेत का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात ‘आधी बीज एकले’ तुकोबांचा अभंग म्हणून गातात. गाथेच्या सूचीत तो मिळाला नाही. पाठभेदामुळे पहिला चरण बदलला असेल का? (पंढरपूर)

पाठभेदाचा प्रश्नच नाही, कारण ही रचना तुकोबांची नव्हे. शांताराम आठवले (1910–1975) यांनी ती प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी लिहिली. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे आणि पडद्यावरचे तुकाराम म्हणजे विष्णुपंत पागनीस. चित्रपट 12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईत सेंट्रल सिनेमाला लागला आणि तिथे 57 आठवडे चालला. त्यात तुकोबांचे मूळ अभंगही आहेत आणि आठवल्यांची गीतेही. दोन्ही एकाच तोंडून, एकाच ढंगात आल्यामुळे ऐकणाऱ्याने सगळेच तुकोबांच्या नावावर टाकले. अभ्यासकसुद्धा यातून सुटलेले नाहीत.

शंका आली की गाथा अशी तपासावी. शासकीय गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि शेवटी पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची आहे. एका नोंदीवर थांबू नका. ‘आधीं’, ‘आदि’, ‘बीज’ अशी निरनिराळी तोंडे धरून पाहा. मग मुद्रा, म्हणजे शेवटी येणारी कवीची नाममुद्रा, शोधा. ‘तुका म्हणे’ या गीतात कुठेच नाही. तिसरी कसोटी अक्षरांची. थोरल्या अभंगाचे चार चरण साधारण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक येते. इथे पहिलीच ओळ बोटांवर मोजा : ‘आधी बीज एकले’ सात, ‘बीज अंकुरले’ सहा, ‘रोप वाढले’ पाच. शिवाय तिन्ही तुकडे ‘ले’वर मिटतात. ही बांधणी चालीवर बसवायच्या पदाची आहे. अर्थात निव्वळ अक्षरमोजणीवर निकाल देऊ नये, तुकोबांच्या चरणांतही एखादे अक्षर कमीजास्त होते. सूची, मुद्रा आणि छंद, तिन्हींचे उत्तर एकच आले की मात्र वाद उरत नाही.

आठवल्यांनी फसवले कुठे, तर शब्दांत. ‘तरु’, ‘सुमने’, ‘ब्रह्म’, आणि ‘घेसी’सारखे जुने क्रियारूप. 1936 सालचा म्हणून ओळखता येईल असा एक शब्द त्यात नाही. मंडळाने गीत जरूर गावे, फक्त निवेदनात नाव आठवल्यांचे घ्यावे.

प्रश्न : ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवर आठवल्यांचे नाव दिसत नाही. मग एखादे गीत त्यांचेच हे सिद्ध कसे करायचे? (पुणे)

त्या काळच्या लेबलवर बहुधा गीताची पहिली ओळ, गायकाचे नाव, चित्रपट, भाषा आणि तबकडीचा क्रमांक एवढेच असे. कंपनी गळा विकत होती, त्यामुळे कवीला जागा क्वचितच मिळाली. म्हणून पुरावा तबकडीबाहेर शोधावा लागतो. पहिला आधार चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका. तीत कथासार, पात्रे, श्रेयनामावली आणि सगळी पदे असतात. मात्र गीतकाराचे नाव बहुधा संपूर्ण चित्रपटासाठी एकदाच छापलेले असते. ‘संत तुकाराम’सारख्या मिश्र चित्रपटात तेवढे पुरत नाही, गाथेशी ताडून पाहावेच लागते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिकांचा साठा आहे. सोबत आठवल्यांचे ‘प्रभातकाल’ आणि भोळ्यांचे ‘माझे संगीत’ ही दोन पुस्तके वाचावीत.

आणखी एक सावधगिरी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच जागा. त्या वर्षांत तबकडीसाठी गाणे पुष्कळदा वेगळे गाऊन घेत, त्यामुळे चित्रपटातले आणि तबकडीवरचे गाणे सारखे नसू शकते. एखादे कडवे गळते, लय वाढते. संहिता उतरवताना दोन्ही ऐका आणि कोणती प्रत कुठून घेतली ते लिहून ठेवा.

प्रश्न : ‘मन शुद्ध तुझं’ की ‘मन सुद्ध तुझं’? (नागपूर)

‘सुद्ध’. पुढे ‘गोस्ट’ आणि ‘प्रिथिवी’ही तसेच. ‘कुंकू’मध्ये (1937) आठवल्यांचे हे गाणे भीक मागणारा पोरगा गातो, भूमिका मास्टर परशुराम यांची. उच्चार त्याच्या तोंडचा आहे, मुद्रणदोष नव्हे. शाळांच्या वह्यांत आणि स्मरणिकांत तो ‘दुरुस्त’ केलेला आढळतो, आणि त्या दुरुस्तीने गाण्याचा जीवच जातो. हिंदी आवृत्तीत, ‘दुनिया न माने’मध्ये, मुन्शी अझीझ यांची स्वतंत्र गीते आहेत. त्यांना आठवल्यांचा अनुवाद म्हणू नये.

प्रश्न : प्रभातमधली आठवल्यांची कारकीर्द थोडक्यात सांगाल का? (बेळगाव)

सुरुवात ‘अमृतमंथन’पासून (1934), म्हणजे कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरच्या पहिल्या चित्रपटापासून. त्याला आधार होता ना. ह. आपटे यांच्या कादंबरीचा. पुढे ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘गोपाळकृष्ण’ (1938), ‘संत ज्ञानेश्वर’ (1940), ‘शेजारी’ (1941). ‘शेजारी’तले ‘लखलख चंदेरी’ मास्टर कृष्णरावांच्या चालीतले. ‘माणूस’मधले (1939) ‘आता कशाला उद्याची बात’ यात घुसडू नये, ते अनंत काणेकरांचे. नंतर आठवले दिग्दर्शनाकडे वळले : ‘भाग्यरेखा’ (1948), ‘वहिनींच्या बांगड्या’ (1953), ‘शेवग्याच्या शेंगा’ (1955).

प्रश्न : घरी प्रभातच्या गाण्यांच्या तीन तबकड्या आहेत. संगणकावर कशा उतरवू? (इंदूर)

आधी धुवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. तबकडीत लाख असते आणि ती अल्कोहोलमध्ये विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाका, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडे ठेवा. साध्या पाण्याने पुसून उभी वाळवा. उन्हात ठेवली तर वाकेल.

सुई 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्यांची, सुमारे 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी. एलपीची 0.7 मिलची सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय हाती काही लागत नाही. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर लावूच नका, दर वाजवणीला खाच झिजते. ध्वनिमुद्रण 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झवर करा आणि मूळ प्रत तशीच जपा. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर. सफाई जास्त झाली तर पहिल्यांदा ‘स’, ‘श’ आणि झांजा बोथट होतात.

वेग नीट तपासा. 78ऐवजी 82 फेरे झाले तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि पागनीसांचा आवाज कोवळा वाटू लागतो. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर 77 पट्ट्यांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची पट्टेदार चकती) वापरा. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली त्या बहुधा दिसत नाहीत, जुना पिवळा दिवा लावा.

प्रश्न : असे उतरवलेले गाणे इंटरनेटवर टाकता येईल का? (ठाणे)

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षे, म्हणजे 1936च्या तबकडीचा तो संपला. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. आठवल्यांच्या बाबतीत ती मुदत 31 डिसेंबर 2035 रोजी संपेल. भोळे 1977 साली वारले, म्हणून चालीसाठी 2037ची अखेर धरावी. गीत कंपनीच्या नोकरीत लिहिलेले असेल तर हक्काचा धनी कंपनी ठरू शकते, पण मुदत कवीच्या निधनापासूनच मोजतात. तोवर परवानगी घ्यावी.