आधी रिसीव्हर, मग ट्रान्समीटर

हॅम रेडिओचा (हौशी रेडिओचा) परवाना येईपर्यंत थांबू नकोस. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) साधा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर, म्हणजे रेडिओ सिग्नल थेट आवाजात बदलणारा, बनवायला घे. टोरॉइडवर (कॉइल गुंडाळायच्या कडीसारख्या गाभ्यावर) तार भोकातून एकदा गेली की एक वेढा झाला, हे पक्कं ध्यानात ठेव. बाहेरून मोजलंस तर हमखास चुकेल. तारेचं एनॅमल (वरचा विद्युतरोधक लेप) नीट खरवड. अर्धवट खरवडलेलं टोक वरून चकचकीत दिसतं, पण सांधा कच्चाच राहतो, आणि मग दोष शोधण्यात रात्र जाते.

पुढे ट्रान्समीटर बनवलास की तपासताना तो थेट अँटेनाला जोडू नकोस. १०० ओहमचे, २ वॉटचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेस की ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी चाचणीला जोडायचा भार, तयार. वायरवाउंड मात्र घेऊ नकोस, त्यात इंडक्टन्स असतो. लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) हवाच, नाहीतर ७ च्या दुपटी-तिपटीला, म्हणजे १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरही तुझा सिग्नल जाईल. पुढे हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बिटएक्स, म्हणजे रिसीव्हर आणि ट्रान्समीटर एकत्र असलेला घरी बनवता येणारा संच, जरूर बनव.