जुनी रेसर घेताय? रंग नंतर, आधी फ्रेम

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, गोंधळ मात्र तोच. आधी जुनी सायकल घ्यायची, मग रंगवायची, आणि सगळं झाल्यावर विचारायचं की फ्रेम बरी आहे ना. म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एक रेसर पाहिली. विकणारा म्हणतो बीएसए आहे, अस्सल इंग्लंडची, म्हणून १५ हजार. घ्यावी का? (नाशिक)

नुसत्या नावावर घेऊ नका. टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ साली मद्रासला सुरू झाली आणि पुढे बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स ही इंग्रजी नावं तिच्या अंबत्तूरच्या कारखान्यातून देशभर गेली. रॅले आसनसोलला, सेन-रॅलेच्या कारखान्यात बनत होती. तेव्हा पुढच्या बिल्ल्यावरून सायकल इंग्लंडची ठरत नाही. ‘रेनॉल्ड्स ५३१’ (इंग्लंडच्या नावाजलेल्या हलक्या पोलादी नळ्या) अशा स्टिकरवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, ते कोऱ्या फ्रेमला लावायलाही छापून मिळतात.

त्यापेक्षा सीटची दांडी काढायला लावा आणि व्हर्नियरनं मोजा. पातळ, चांगल्या नळीच्या फ्रेममध्ये बहुधा २७.२ मिमीची दांडी बसते. ती २५.४च्या आसपास भरली तर नळी जाड, साध्या पोलादाची आहे. साधं पोलादही वर्षानुवर्षं टिकतं, पण त्याचे १५ हजार होत नाहीत. दांडी आतच जाम झाली असेल, किंवा विकणारा काढू देत नसेल, तर सौदा सोडा. हाताखालून जुन्या सायकली गेलेला एखादा मिस्त्री सोबत न्या. त्याची मजुरी वाया जाणार नाही.

प्रश्न : डावं पेडल निघत नाही. जोर लावला की आणखी आवळतं. (अकोला)

डाव्या पेडलला उलटे आटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा.

प्रश्न : ऑनलाइन जाहिरात पाहून जुनी रेसर घेतली. फ्रेमला नुकतंच पावडर कोटिंग केलेलं, दिसायला नवीकोरी. पण खड्ड्यातून गेलं की हँडलखाली टक् असा आवाज येतो. मित्र म्हणतो, हेडचे छर्रे बदल, काही होत नाही. दोन महिने तशीच चालवतोय, घाटही उतरतो. (सातारा)

आजपासून चालवू नका. दोन महिने वाट पाहायला नको होती.

छर्रे गेले असतीलही, पण ते मित्राच्या म्हणण्यावरून ठरत नाही. पुढचा ब्रेक दाबून धरा, हेडच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीच्या, वाटीवर बोट ठेवा आणि सायकल मागेपुढे ढकला. वाटीपाशी खेळ जाणवला तर छर्रे, वाटी किंवा सैल नट. दुरुस्ती स्वस्तात होईल. पण तेवढ्यावर थांबू नका.

सायकल समोरून आदळते तेव्हा पुढचा चिमटा (फोर्क) मागे रेटला जातो. तो सगळा जोर हेडच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीवर येतो. तिथे खालच्या अंगाला, लगच्या (नळ्या जोडणाऱ्या पोलादी खोबणीच्या) कडेपासून बोटभर मागे, कापडाच्या चुणीसारखी सुरकुती पडते. अंगठा नळीच्या खालून हळू फिरवा. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते. मग सायकल बाजूनं पाहा. चिमट्याचे पाय वर हेडच्या रेषेत असून खाली पुढे वळायला हवेत. सरळ किंवा मागे गेलेले दिसले तर सायकल आदळलेली आहे. शेवटी हेडपासून मागच्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत (चाकाचा आस बसतो त्या खाचांपर्यंत) दोरा ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ते सारखं भरायला हवं.

आता त्या कोटिंगबद्दल. जुनी सायकल रंगवून ‘रिस्टोअर्ड’ म्हणून विकण्याचा जो धंदा चाललाय, त्याचा मला मनापासून राग येतो. आदळलेल्या फ्रेमचा जुना रंग नेमका त्या जागी तडकलेला असतो, चिरेतून गंजाची रेघ उतरलेली असते. पोलाद बहुतेक वेळा तुटण्याआधी असा इशारा देतं. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, त्याखाली तो इशारा झाकला जातो. उद्या चिमट्याची नळी आत, क्राउनपाशी (दोन्ही पाय जुळतात तिथे) तुटली, तर उतारावर तुम्ही तोंडावरच आपटाल. ओरखडे पडलेली, पोपडे सुटलेली, मूळ रंगाची सायकल या चकचकीत सायकलपेक्षा कधीही बरी, कारण तिच्यात काय झालंय ते दिसतं.

फ्रेमचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडून चिमटा पूर्ण बाहेर काढून तपासून घ्या, गरज पडली तर तेवढ्या भागाचा रंग खरवडून. चीर निघाली तर ग्रिल-गेटचं वेल्डिंग करणाऱ्याकडे नेऊ नका, पातळ नळी जळून जाईल. लगच्या फ्रेमचे जोड ब्रेझिंगचे, म्हणजे पितळ वितळवून सांधलेले, असतात आणि ते काम जाणणारा माणूस शोधावा लागतो. चिमट्यालाच चीर असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, चिमटा बदला.

प्रश्न : जुन्या बीएसए एसएलआर सायकलला २६चा टायर आणला, बसतच नाही. दुकानदार म्हणतो ताणून बसवतो. (कोल्हापूर)

तो टायर परत करा. २६ म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात. तुमचा २६ × १ ३/८, त्याची रिम ५९० मिमीची. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ म्हणजे ५५९. तसंच २७ म्हणजे ६३०, ७००सी (आताच्या रोड सायकलींचं माप) म्हणजे ६२२, आणि आपल्या साध्या काळ्या सायकलचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. टायरच्या बाजूला ३७-५९० अशा जोडीनं आकडे असतात, त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळवून मगच पैसे द्या.

प्रश्न : चेनला खोबरेल तेल चालेल का? (रत्नागिरी)

नाही.

प्रश्न : पावसात ब्रेक लागतच नाहीत. रिम क्रोमच्या आहेत. रबर बदलून झाले. आता महागडे इंपोर्टेड रबर सुचवतायत. (ठाणे)

पैसे रबरावर घालू नका. दोष क्रोमच्या पोलादी रिमचा आहे, ओली झाली की ती ब्रेक धरत नाही. ॲल्युमिनियमच्या रिमवर चाकं विणून घ्या, आउट (चाकाचा डुगडुगाट) नीट काढून घ्या, फरक पहिल्याच सरीत कळेल. २७ची चाकं काढून ७००सी लावणार असाल, तर ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यावे लागतात. तुमच्या ब्रेकची पोच तेवढी आहे का, ते आधी मोजा.

मागचं चाक नवं घेताना हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदीही पाहा. जुन्या फ्रेम १२० किंवा १२६ मिमीच्या, आताचे रोडचे हब बरेचदा १३०चे. पोलादी फ्रेम तेवढी फाकवता येते, पण दोन्ही बाजूंनी सारखी, ड्रॉपआउट समांतर ठेवून. हे मिस्त्रीकडूनच करून घ्या, घरी ओढाताण नको. आणि रिम बदलेपर्यंत पावसात ही सायकल बाहेर काढू नका.