टी पेशींना चरबी ओळखता येते का?

पुस्तकात टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रथिनांचे तुकडे ओळखतात एवढंच दिलंय, मग टीबीच्या जंतूचं मेणचट आवरण त्यांना दिसतच नाही का, असं तुम्ही विचारलंय. दिसतं, आणि चांगलं दिसतं.

मी नागपुरात लॅब टेक्निशियनच्या पोरांना थुंकीची स्लाइड रंगवायला शिकवतो. कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं (उकळू द्यायचं नाही, मे महिन्यात त्या खोलीत आपणच उकळत असतो), मग ॲसिडनं धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीचे जंतू मात्र लालच राहतात. ही करामत त्या मेणचट आवरणातल्या मायकोलिक ॲसिडच्या लांबच लांब साखळ्यांची, साधारण ६० ते ९० कार्बनांच्या. माणसाच्या टी पेशी नेमकं हेच ॲसिड ओळखू शकतात, हे १९९४ साली समोर आलं.

प्रथिनाचा तुकडा एमएचसीच्या, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर तो टी पेशींना दाखवणाऱ्या रेणूच्या, खाचेत बसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. चरबीसाठी सीडी१ नावाचे वेगळे रेणू असतात. त्यांची खाच अरुंद, खोल आणि आतून पाण्याला नकोशी. लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या रेणूच्या, शेपट्या आत सरकतात आणि साखरेचं किंवा फॉस्फेटचं डोकं तेवढं वर राहतं. टी पेशीचा ग्राही ते डोकं आणि खाचेचा काठ असं दोन्ही मिळून चाचपतो. त्यात तो भलता चोखंदळ! मायकोलिक ॲसिडला ग्लुकोज जोडलेला रेणू ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजच्या जागी मॅनोज ही दुसरी साखर आली की ढिम्म हलत नाहीत. इतकी लांब शेपटी मावते कशी? सीडी१बी या सीडी१च्या प्रकारात आतले कप्पे एकमेकांना भुयारासारखे जोडलेले आहेत, म्हणून.

उंदरांत सीडी१च्या प्रकारांपैकी फक्त सीडी१डी असतो, म्हणून साध्या उंदरांवर हे सगळं तपासताच येत नाही.

आता आपल्याकडचं उदाहरण. टाचेला भेगा पडल्या की आजी इतवारीतून आणलेला बिबा तापवून त्याचं तेल लावायची. आजीला कधी काही झालं नाही, आत्याला मात्र दर वेळी बिबा उतायचा. बिब्याच्या तेलातले रेणू अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या अंगावर पुरळ उठवणाऱ्या वेलीतल्या उरुशिऑल नावाच्या तेलाच्या कुळातले. माणसाचा सीडी१ए बसवलेल्या उंदरांवर २०१६ साली प्रयोग झाले, त्यात त्वचेतल्या लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशी उरुशिऑल सीडी१एच्या खाचेत धरून टी पेशींना दाखवतात असं दिसलं. प्रयोग बिब्यावरचा नाही, हे खरं. पण आत्याचं अंग तेल लावल्या लावल्या नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुलायचं. एवढा उशीर लागला की मला तरी आधी टी पेशींचाच संशय येतो.