अमेरिकेतील विद्यापीठे अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमवर एवढा खर्च करूनही आसने कमी का करतात?

याचे मुख्य कारण असे की, आलिशान कक्षांतून मिळणारे उत्पन्न साध्या बाकांच्या कित्येक रांगांपेक्षा जास्त असते. अलाबामा विद्यापीठाने २०२० मध्ये सुमारे १०.७ कोटी डॉलर खर्चून ब्रायंट-डेनी स्टेडियमचे नूतनीकरण केले, तेव्हा तेथील क्षमता १,०१,८२१ वरून १,००,०७७ वर आली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तर सुमारे ४७,००० आसनांचे जुने स्टेडियम पाडून ३५,००० आसनांचे नवे बांधायला घेतले.

विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतील सामन्यांची सरासरी उपस्थिती २०१८ मध्ये ४२,००० च्याही खाली गेली होती. सामने घरबसल्या दिसतातच, शिवाय चांगल्या जागेच्या हक्कासाठी तिकिटाखेरीज द्यावी लागणारी देणगी २०१८ पासून करसवलतीतून वगळली गेल्यामुळे वर्षानुवर्षे तिकिटे घेणाऱ्या कुटुंबांचा खर्च आणखी वाढला. विद्यार्थ्यांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून अलाबामाने २०१९ मध्ये फोनमधील अॅपद्वारे त्यांचे ठिकाण पाहून हजेरीला १०० आणि सामन्याच्या चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबण्याला २५० गुण देण्यास सुरुवात केली. हे गुण पुढे मोठ्या सामन्यांची तिकिटे मिळवताना उपयोगी पडत. माझ्या मते, विद्यार्थ्यांना आणि सामान्य कुटुंबांना परवडतील अशा जागा राखून ठेवणे हे कोणत्याही आलिशान कक्षापेक्षा अधिक निकडीचे आहे.